खंडूतात्यांचा रडीचा डाव

खंडूतात्यांबद्दल काहीतरी बरं लिहायचं असं ठरवून मी बसते, आणि पहिल्या ओळीलाच माझं डोकं तापतं. इतकी वर्षं मी मुळशी तालुक्यात बहिऱ्या मुलांना शिकवत फिरतेय. हट्टी आया पाहिल्या, विसरभोळे बाप पाहिले, सगळं देवावर टाकून मोकळे होणारे चुलते पाहिले. पण घरी गेल्यावर मला दप्तर आपटायला लावणारा माणूस एकच. मुठा खोऱ्यातले खंडूतात्या.

मी काय करते ते आधी सांगते. आमची एक छोटी संस्था आहे. ज्या लहान मुलांना ऐकू येत नाही, किंवा फार कमी येतं, त्यांच्या घरी जायचं, मुलाला आणि घरच्यांना शिकवायचं आणि शाळेच्या वयापर्यंत पोराची तयारी करायची, हे माझं काम. भाषा तर शिकवतेच, पण माझा जीव गणितात जास्त. लोकांना वाटतं, गणिताला कान कशाला हवेत? डोळे आहेत, बोटं आहेत, झालं की. तसं नसतं. ऐकणारं पोर रांगायला लागल्यापासून ऐकत असतं. ‘अजून एक घास घे.’ ‘दोनच राहिल्या बघ.’ ‘दादाला जास्त दिलंस, मला कमी.’ कुणी मुद्दाम शिकवत नाही, पण शाळेत जाईपर्यंत कमी, जास्त, सारखं, एक, दोन, पुरे, हे सगळं त्याच्या डोक्यात मुरलेलं असतं. बहिऱ्या पोरापर्यंत यातलं काहीच पोचत नाही. त्याच्या डोक्यात काही कमी नसतं. त्याला कळेल असं कुणी त्याच्याशी बोललेलंच नसतं.

ईश्वरी ही तात्यांची नात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती शाळेच्या अलीकडच्या वयाची होती. बाप संतोष हिंजवडीच्या एका कंपनीत गाडीवर ड्रायव्हर, तो पहाटे निघे आणि अंधार पडल्यावर येई. आई रेश्मा शेत, गोठा आणि स्वयंपाक यांत बुडालेली. म्हणजे दिवसभर पोर तात्यांच्या ताब्यात. आणि मीही.

तात्या उंच, काटकुळे, टोपी कायम एका कानावर कललेली. वरच्या अंगाची माळजमीन त्यांनी कधीच पुण्याच्या लोकांना विकली होती. तिथे आता बंगले झाले होते. मालक शनिवार-रविवार येत. मधल्या दिवसांत किल्ल्या तात्यांकडे. ‘राखण करतुया’ असं ते सांगत. राखण म्हणजे बंगल्याच्या व्हरांड्यात मालकाच्या वेताच्या खुर्चीवर पाय पसरून बसायचं आणि आपलीच विकलेली जमीन वरून बघायची. खाली भातखाचरं राहिली होती, त्यांच्यापुरता आंबेमोहोर तिथे होई.

तात्यांना दोन गोष्टी मुळीच जमत नसत. थांबणं आणि हरणं. रेश्माला मी काही विचारलं तर उत्तर तात्या देत. गाईला काय झालंय असं डॉक्टरनं विचारलं तर डॉक्टरनं गाईला हात लावायच्या आत तात्या रोग सांगून मोकळे. आणि वादात ते चुकलेत असं सिद्ध झालंच तर म्हणत, “मी तरी दुसरं काय म्हनतुया?”

पहिल्या भेटीत मी ओसरीवर बसले न बसले तोच त्यांनी ईश्वरीला पुढे ढकललं.

“दाव बाईंना. दाव!”

त्यांनी एक बोट वर केलं. ईश्वरीनं एक बोट वर केलं. त्यांनी दोन केली, तिनं दोन केली. असं दहापर्यंत. मग तात्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की आता बाईंनी हार घालायचा तेवढा राहिला.

“बगितलं? दहापतूर येतंया समदं. आमची लई हुशार हाय. फकस्त ऐकू येत न्हाई.”

मी पिशवीतून चिंचोके काढून सतरंजीवर पसरले. ईश्वरीला तीन बोटं दाखवली, चिंचोक्यांकडे बोट केलं आणि हात पुढे धरला. मला एवढे दे. ईश्वरी हसली. तिनंही तीन बोटं दाखवली. मी पुन्हा हात पुढे केला. तिनं ओंजळ भरून चिंचोके उचलले आणि माझ्या हातावर ओतले. अर्धे खाली सांडले.

“घाबरलीया,” तात्या म्हणाले, आणि वाकून स्वतःच तीन चिंचोके उचलून माझ्या तळहातावर ठेवले. “ह्ये घ्या. तीन.”

“तात्या, मी तुम्हाला नव्हतं विचारलं.”

“मग काय झालं? आमी काय परकं हाय?”

मी त्यांना समजावून सांगितलं. ती बोटांची नक्कल करतेय. तीन बोटं म्हणजे तीन वस्तू, तीन भाकऱ्या, तीन म्हशी, हे तिला अजून माहीतच नाही. तिला तुमच्या बोटांचा आकार तेवढा ठाऊक आहे. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, मान हलवली, आणि म्हणाले, “पन दहापतूर दावती न्हवं?”

मी कपाळाला हात लावला.

रेश्माला मी सांगितलं, जेवायला वाढताना तिला दाखवून वाढ. एक भाकरी. अजून एक. आता झाल्या दोन. तोंडानं बोल, हातानं खूण कर, तिची नजर तुझ्याकडे असेल तेव्हाच वाढ. रेश्मा ऐकत होती. मधेच तात्या.

“बोलून काय उपेग, बाई? तिला ऐकू कुटं येतंया?”

“म्हणूनच हातानं सांगायचं.”

“हातवारं नगं. हातवारं शिकिवलं की पोर जल्मभर मुकं ऱ्हातं. आमच्या पाव्हण्यानं सांगितलंय.” हे सांगताना त्यांचे दोन्ही हात हवेत होते. ‘मुकं’ म्हणताना तोंडावर पालथा पंजा, ‘जल्मभर’ म्हणताना हात पार डोंगरापर्यंत. या माणसाला साधं पाणी मागतानासुद्धा अंगठा तोंडाशी नेल्याशिवाय जमत नव्हतं. पण हातवारे नकोत.

ईश्वरीनं मात्र आपल्यापुरत्या खुणा कधीच तयार केल्या होत्या. तात्यांसाठी मिशी पिळल्याची खूण. आईसाठी भाकरी थापल्याची. महिनाभरानं रेश्मानं मला चोरटं हसत सांगितलं की आता माझ्यासाठीही खूण झालीय. ईश्वरीनं लगेच करून दाखवली. कपाळावर मारलेला हात.

मग कानातल्या मशीनचं प्रकरण. ईश्वरीला थोडंसं ऐकू येत होतं, मोठे आवाज, भांडी, ढोल. मशीन घातलं की जरा जास्त. पुण्याहून मशीन मिळालं, मी बसवून दिलं, दिवसभर घालायचं म्हणून बजावलं. पुढच्या खेपेला गेले तर मशीन कानात, पण पोर माझ्या टाळीकडे ढुंकून पाहीना. उघडून पाहिलं. आत सेल नाही.

“सेल कुठंय?”

“ठिवलाय की.” तात्या आत गेले आणि देवघरातून कुंकवाची डबी घेऊन आले. डबीत सगळे सेल, कुंकवात माखलेले.

“आवो, रोज रोज घालून संपलं तर? पुढच्या म्हैन्यात पुतन्याचं लगीन हाय. कार्यक्रमाला नगं का?”

म्हणजे घरात, जिथे आई तिच्याशी बोलणार, तिथे मशीन बंद. आणि लग्नात, जिथे बँडशिवाय काही ऐकू येणार नाही, तिथे चालू. मी इतकी बोलले त्या दिवशी की शेवटी गोठ्यातल्या म्हशी माझ्याकडे बघायला लागल्या. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. “बरं बरं,” म्हणाले. “बाई रागावल्या की लई ब्येस बोलत्यात.”

पण यापेक्षा वाईट प्रकार पौडला झाला.

तिथे मुलांच्या तपासणीचं शिबिर होतं. शहरातून तपासणाऱ्या बाई आल्या होत्या. कोणत्या मुलाला घरी शिक्षक पाठवायचा, कोणाला नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं. मी दुसऱ्या खोलीत दुसऱ्या मुलांबरोबर होते. ईश्वरीला तात्या घेऊन आले होते. तपासणाऱ्या बाईंनी ठोकळे मांडले, इतके दे, तितके दे, यात जास्त कुठले ते दाखव. ईश्वरीची सगळी उत्तरं बरोबर. बाई खूश. शेरा मिळाला, वयाच्या मानानं उत्तम, घरी शिक्षकाची गरज नाही.

मला पटेना. आदल्याच आठवड्यात मी चार वाट्या आण अशी खूण केल्यावर या पोरीनं मांडणीवरच्या सगळ्या वाट्या आणून दिल्या होत्या. मी त्या खोलीतल्या मदतनीस बाईंना विचारलं, आजोबा कुठे बसले होते? त्या म्हणाल्या, बसले नव्हते, बाईंच्या मागे खिडकीशी उभे होते. सारखे मिशी चोळत होते, टोपी सारखी करत होते.

मला सगळं चित्र दिसलं. बाईंनी ठोकळ्यांना बोट लावलं की तात्यांची मान इकडे. ईश्वरीचा हात तिसऱ्या ठोकळ्यावर गेला की टोपी सरळ. म्हणजे थांब. त्या पोरीची नजर इतकी तयार की आजोबाची भुवई हलली तरी तिला कळे. उत्तरं तात्यांनी दिली होती. वयाच्या मानानं उत्तम तेच ठरले होते.

“तात्या, तुम्ही काय केलंत हे?”

“म्या? म्या निस्ता हुबा हुतो.”

“आता माझं येणं बंद होईल. कळतंय का? तिला येतंय असं लिहिलंय. येत असेल तर शिकवायला कोण येणार?”

हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. तोंड जरा उतरलं. मला वाटलं, आता हा माणूस दोन पावलं चालून त्या बाईंकडे जाईल आणि सांगेल की माझी चूक झाली. तात्या उठले, तरातरा गेले, आणि तपासणाऱ्या बाईंवर बरसले. कसली तुमची तपासनी? आमच्या पोरीला तीन न्हाई कळत आनि तुमी उत्तम लिवता? नीट बगाया नगं? पुन्हा घ्या!

त्या बिचाऱ्या बाई गोंधळून गेल्या. शेवटी तपासणी पुन्हा झाली. या वेळी मी तात्यांना फाटकाबाहेर उसाच्या रसाच्या गाडीवर बसवलं आणि रसवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं. ईश्वरीला काहीच आलं नाही. ती सारखी मागे खिडकीकडे वळून बघत होती. खिडकीत कुणी नव्हतं. माझं येणं चालू राहिलं.

त्यानंतर तात्या माझ्याशी बोलेनात. मी ओसरीवर आले की उठून वर बंगल्यावर जात. “बाईंनी पोरीला नापास केलं,” असं गावभर सांगून झालं होतं. असे दोन-तीन आठवडे गेल्यावर मीच चिडून वर गेले. तात्या वेताच्या खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, “तात्या, तुम्ही पोरीला चुकूच देत नाही. चुकल्याशिवाय ती शिकणार कशी? प्रत्येक वेळी तुम्ही मधे.”

तात्यांनी नजर खालच्या खाचरांकडे वळवली.

“बाई,” ते म्हणाले, “ती चुकली की लोक हसत्यात. तिला ऐकू येत न्हाई त्यांचं हसनं. मला येतंया.”

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. मी जवळच्या पायरीवर बसले. आणि तेवढ्यात तात्या म्हणाले, “आता तुमालाबी पटलं न्हवं, माझंच बराबर हुतं ते?” राग होता तिथे परत आला.

त्या दिवसापासून मी धोरण बदललं. तात्यांना बाहेर ठेवता येत नाही तर आत घ्यायचं. मी पुठ्ठ्यावर एका ओळीत वीस घरं आखली. शेवटच्या घरात झोपडीचं चित्र. एक लाकडी फासा, त्यावर फक्त एक, दोन आणि तीन ठिपके. दोघांना एकेक चिंचोका, एकाला लाल रंग, एकाला हिरवा. फाशावर जितके ठिपके तितकी घरं पुढे. आधी जो झोपडीत पोचेल तो जिंकला. ऐकायचं काही नाही, बोलायचं काही नाही. एक घर, एक टप्पा. तात्यांना म्हटलं, रोज दुपारी दोन डाव खेळायचे. फक्त खेळायचं. शिकवायचं नाही.

“एवढंच? ह्ये तर पोरखेळ हाय,” तात्या म्हणाले आणि मांडी घालून बसले.

पहिले काही आठवडे काय होत होतं ते मी पाहत होते. ईश्वरी फासा टाकी आणि मनाला येईल तिथे चिंचोका ठेवी. कधी दोन घरं, कधी सरळ झोपडीत. मी तिचं बोट धरून ठिपक्यावर ठेवी, मग घरावर. ठिपका, घर. ठिपका, घर. ती करी आणि विसरून जाई. आणि तात्या? तात्यांना फाशावर एक पडला की ते दोन घरं जात. दोन पडले की तीन. मला वाटलं म्हाताऱ्याला नीट दिसत नसेल. मग लक्षात आलं, चूक नेहमी पुढेच होते. मागे कधी होत नाही. हा गृहस्थ आपल्या एवढ्याशा बहिऱ्या नातीबरोबर लबाडी करून जिंकत होता, आणि जिंकल्यावर दोन्ही हात वर करून मिशी पिळत होता.

“तात्या, लाज वाटत नाही?”

“तिला कुटं कळतंया?”

मी रेश्माला म्हटलं, हा पुठ्ठा चुलीत घाल. पण तिनं तो ठेवून दिला.

पावसाळा संपत आला होता. एका दुपारी मी गेले तेव्हा डाव अर्ध्यावर होता. ईश्वरी पुढे होती, तिचा चिंचोका झोपडीच्या अगदी जवळ. तात्यांना झोपडीत जायला तीन हवे होते. त्यांनी फासा हातात खुळखुळवला, फुंकर मारली आणि टाकला. दोन पडले. तात्यांनी चिंचोका उचलला, टुण, टुण, टुण, झोपडीत ठेवला आणि हात वर केले.

ईश्वरीनं फाशाकडे पाहिलं. पुठ्ठ्याकडे पाहिलं. पुन्हा फाशाकडे. मग तिनं तात्यांचा चिंचोका झोपडीतून काढला, जिथे आधी होता तिथे नेऊन ठेवला, आणि एक घर पुढे सरकवला. अजून एक. आणि थांबली. फासा उचलून तिनं तात्यांच्या नाकासमोर धरला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं त्यांच्या तोंडापुढे नाचवली.

ही दोन बोटं मी आधी कितीतरी वेळा पाहिली होती. ती नुसती बोटं होती. आज पहिल्यांदा ते दोन होते. ना एक, ना तीन. दोन.

रेश्मा पिठाच्या हातानं दारात उभी होती, तिनं पदर डोळ्यांना लावला. पण तात्या? तात्यांचं डोकं भलतीकडेच.

“आसं कसं? तीनच पडलं हुतं!” त्यांनी चिंचोका परत झोपडीत ठेवला. ईश्वरीनं तो परत काढला. त्यांनी पुन्हा ठेवला. मग पोर पिसाळली. तोंडातून मोठा आवाज काढून तिनं त्यांची टोपी ओढून अंगणात भिरकावली, पुठ्ठा उलटा केला आणि पाय आपटत रडायला लागली.

“बगा बाई,” तात्या मला म्हणाले, “हारायला लागली की रडीचा डाव खेळतीया.”

मी उठून अंगणातली टोपी आणायला गेले. बोलले असते तर फार वाईट बोलले असते.

त्यानंतर त्या घरात रोज भांडण. तात्या लबाडी करायचं सोडत नव्हते आणि ईश्वरी पकडायचं सोडत नव्हती. ती आता फाशापेक्षा तात्यांच्या हातावर जास्त नजर ठेवी. फाशावर ठिपके वाढवून मी सहापर्यंत नेले. तात्यांनी नव्या तऱ्हा काढल्या. चिंचोका सरकवताना बाहीखाली झाकायचा. घर मोजताना मधलं एक गिळायचं. ती सगळं उघडं पाडी. एकदा त्यांनी उलटं केलं. तिचाच चिंचोका गुपचूप दोन घरं पुढे सरकवला. मी श्वास रोखून बघत होते. तिला फायदा होता. ईश्वरीनं आपला चिंचोका पाहिला, घरं मोजली, आणि स्वतःच्या हातानं मागे नेला.

तात्या फार उदास झाले. “पोरगी लई सरळ हाय, बाई,” म्हणाले. “कसं व्हायचं हिचं?”

आणि गावात काय सांगत होते? “बाईंनी न्हाई. मोजायला म्या शिकिवलं.” मी विचारलं, “तुम्ही मुद्दाम लबाडी करत होता का तात्या, तिला कळावं म्हणून?” ते म्हणाले, “मग? तुमाला काय वाटलं?” या उत्तरावर माझा आजही विश्वास नाही. पण पूर्ण अविश्वासही ठेवता येत नाही, हाच तर डोक्याला ताप आहे.

जूनमध्ये शाळेचा प्रश्न आला. गावच्या शाळेत गुरुजी एकटे, सगळ्या इयत्ता त्यांच्याच गळ्यात. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. ते म्हणाले, “मॅडम, अंगणवाडीतच राहू द्या अजून एक वर्ष. बाकीची मुलं शंभरपर्यंत घडाघडा म्हणतात. हिला एक तरी म्हणता येतं का?” मी सांगायला लागले की म्हणणं आणि समजणं या वेगळ्या गोष्टी आहेत. एवढ्यात फाटकातून तात्या, काखेत पुठ्ठा, बोटाला ईश्वरी. मी त्यांना बोलावलं नव्हतं. त्यांना कुणी कधी बोलावतच नसे.

“गुरुजी, बोलनं ऱ्हाऊ द्या. बसा खाली. एक डाव खेळा हिच्यासंगं.”

गुरुजी नको नको म्हणत व्हरांड्यात बसले. डाव सुरू झाला. तात्या गुरुजींच्या मागे उकिडवे बसले आणि सगळ्या शाळेला ऐकू जाईल अशा कुजबुजीनं म्हणाले, “गुरुजी, दोन घरं जास्ती जावा.”

“अहो तात्या, मी शिक्षक आहे.”

“म्हनूनच सांगतुया.”

गुरुजी फाशाप्रमाणेच गेले. मग तात्यांना राहवेना. गुरुजींच्या खांद्यावरून हात घालून त्यांनीच गुरुजींचा चिंचोका पुढे ढकलला. ईश्वरीनं त्या हातावर चापट मारली, चिंचोका मागे घेतला, गुरुजींना फाशावरचे पाच ठिपके एकेक करून दाखवले आणि पाच घरं एकेक करून मोजून दिली. मग बाकीच्या मुलांकडे पाहून मिशी पिळली आणि नाही नाही असं बोट हलवलं. तात्या खोटं खेळतात. सगळी पोरं हसली. या वेळी ते हसू तिच्यावर नव्हतं, आणि तिला ते दिसलं. तीही हसली.

गुरुजी माझ्याकडे वळले. “हे हिला कुणी शिकवलं?”

“म्या,” तात्या म्हणाले.

मी दात आवळले. गुरुजींनी नाव घातलं.

पुढे सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. फळ्याकडे तोंड करून गुरुजी बोलत, आणि पाठीवरून कुणाला ओठ वाचता येतात? ‘रामूपेक्षा शामूकडे किती जास्त’ असल्या गणितात ती अडकून पडे. गणितात नाही, त्या ‘पेक्षा’त. मी येत राहिले, गुरुजी हळूहळू वळून बोलायला शिकले. तात्यांनी वर्गाच्या खिडकीबाहेर उभं राहून उत्तरं पुरवायचा उद्योग सुरू केला होता. गुरुजींनी खिडकी बंद केली. तर ते दारात आले. मग ईश्वरीनंच त्यांचा हात धरून त्यांना फाटकाबाहेर नेऊन सोडलं. संध्याकाळी ते मला म्हणाले, “आपलीच पोर आपल्याला हाकलती. ह्ये तुमचं शिक्षान.”

तिसरीत गेल्यावर तिच्या घरी माझं जाणं थांबलं. मला पलीकडच्या गावांतली लहान मुलं मिळाली. अधूनमधून रस्त्यात रेश्मा भेटे, ईश्वरीचं बरं चाललंय म्हणे, आणि तात्यांचं विचारलं की नुसती मान हलवी.

गेल्या दिवाळीनंतर त्या बाजूला गेले होते म्हणून डोकावले. तात्या ओसरीवरच्या खाटेवर होते. भाताच्या काढणीत पाय घसरून पडले, तेव्हापासून उठणं बंद, असं रेश्मानं आतून येऊन सांगितलं. बंगल्याच्या किल्ल्या आता दुसऱ्या कुणाकडे गेल्या होत्या. गाल आत गेलेले, टोपी उशाशी. मला पाहून म्हणाले, “आलासा? लई उशिरा आलासा.” मी म्हटलं, “तब्येत कशी आहे?” ते म्हणाले, “डाक्टरला काय कळत न्हाई.” म्हणजे ठीक होते.

ईश्वरी खाटेच्या कडेला बसली होती, मांडीवर पाटी. मला पाहून हात हलवला, पण उठली नाही. ती कामात होती. हातच्याची वजाबाकी. बावन्नातून अठ्ठावीस. ती तात्यांना समजावून सांगत होती. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून शेजारच्या पाचाकडून एक दहा घ्यायचा, पाचाचे चार राहतात, दोनाचे बारा होतात. दोन्ही हात चालले होते, भुवया, ओठ, सगळं. तिच्या त्या खुणांतल्या अर्ध्या मी शिकवलेल्या होत्या, अर्ध्या तिनं आणि तात्यांनी दोघांतच केलेल्या. तात्या अगदी लक्षपूर्वक बघत होते. ती सांगून पूर्ण व्हायच्या आतच त्यांनी मान डोलावली आणि दोन बोटं झटकून खूण केली. समजलं, समजलं, पुढं चल.

त्यांना काहीएक समजलं नव्हतं. शिक्षण दुसरीपर्यंत, हातचा कधी घेतलाच नव्हता. मला दिसलं, तसं तिलाही दिसलं. क्षणभर मला वाटलं, ती सोडून देईल. आजारी माणूस आहे, म्हातारा आहे, एक वजाबाकी नाही कळली तर काय बिघडलं?

ईश्वरीनं ओल्या फडक्यानं पाटी स्वच्छ पुसली. बावन्न आणि अठ्ठावीस पुन्हा एकाखाली एक मांडले. मग तात्यांची हनुवटी दोन बोटांत धरून त्यांचं तोंड पाटीकडे वळवलं, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.